मलेरियात रक्त बदलून हाती काय लागतं? एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजनची उलटतपासणी

निकाल आधीच सांगून टाकू. शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध वेळेवर सुरू झालं असेल, तर तीव्र फॅल्सिपेरम मलेरियाच्या (मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार) बहुतेक रुग्णांना रक्तबदलाची गरज नसते. एकेकाळी हा उपचार मोठ्या आयसीयूची शान समजला जायचा. आज त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा फार थोडा उरला आहे आणि त्याचे धोके मात्र होते तिथेच आहेत. तरीही तो पूर्ण मोडीत काढावा असं नाही. मोजक्या प्रसंगी त्याचा विचार होतो. त्यामुळे तो कसा चालतो, किती रक्त लागतं आणि कुठे घात होतो हे नीट ठाऊक असलेलं बरं.

कल्पना दिसायला सरळ आहे. रुग्णाच्या रक्तात दर शंभरातल्या पंचवीस-तीस तांबड्या पेशींत परजीवी आहेत. त्या पेशी बाहेर काढायच्या आणि दात्याच्या निरोगी पेशी आत सोडायच्या. परजीवींचा भार कमी होतो, ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशी मिळतात, आणि संपूर्ण रक्त बदललं तर प्लाझ्मातलं मोकळं हिमोग्लोबिन, परजीवींचे विषारी अवशेष आणि सायटोकाइनसुद्धा (दाह भडकवणारी रसायनं) काही प्रमाणात बाहेर जातात. शिवाय मलेरियात ताठर झालेल्या पेशींच्या जागी लवचीक पेशी आल्याने बारीक केशवाहिन्यांतला प्रवाह सुधारावा, अशीही अपेक्षा असते. फॅल्सिपेरममध्ये असा पहिला प्रयत्न १९७४ मध्ये नोंदला गेला आणि पुढची तीसेक वर्षं अशा नोंदी येत राहिल्या. बहुतेक एकेका रुग्णाच्या, आणि बहुतेक वाचलेल्यांच्या. दगावलेल्या रुग्णाचा अहवाल लिहायला सहसा कुणी बसत नाही.

गोम फॅल्सिपेरमच्या स्वभावात आहे. त्याचं तांबड्या पेशीतलं चक्र साधारण ४८ तासांचं. पहिल्या अर्ध्या भागात तो अंगठीच्या आकारात असतो आणि ती पेशी रक्तात फिरत राहते. परजीवी मोठा झाला की पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उगवतात आणि ती पेशी मेंदू, मूत्रपिंड, आतडी, फुप्फुसं यांतल्या लहान रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून बसते. रुग्णाला मारतात त्या या चिकटलेल्या पेशी. स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात) दिसतात त्या फिरत्या, तरुण अंगठ्या. रक्तबदलात कॅथेटरमधून बाहेर येतं तेही फिरतं रक्तच. म्हणजे आजाराचा जो भाग मोजता येतो तोच आपण काढतो, आणि जो जीव घेतो तो जागेवरच राहतो. बॅबेसिया मायक्रोटी या तांबड्या पेशींतच राहणाऱ्या दुसऱ्या परजीवीच्या संसर्गातही रक्तबदल करतात, पण तो परजीवी असा केशवाहिन्यांत दडून बसत नाही. म्हणून तिथला अनुभव जसाच्या तसा मलेरियाला लावता येत नाही.

आता हिशेब. रक्त काढता काढता नवं रक्त घालत गेलं, तर प्रत्येक फेरीत नुकतंच घातलेलं रक्तही थोडं बाहेर येतं. त्यामुळे शरीरातल्या एकूण रक्ताइतकं रक्त बदललं तरी जुन्या पेशी शंभर टक्के जात नाहीत. ३७ टक्के उरतात. दीडपट बदललं तर २२ टक्के, दुप्पट बदललं तर साडेतेरा टक्के. पॅरासाइट इंडेक्स (परजीवी असलेल्या तांबड्या पेशींची टक्केवारी) ३० टक्के असेल, तर एकपट बदलाने तो ११ वर येईल, दीडपटीने सुमारे ७ वर आणि दुपटीने ४ वर. आकडे आकर्षक वाटतात खरे. पण शेजारी आर्टेसुनेट ठेवून बघा. औषधाला दाद देणाऱ्या संसर्गात परजीवींची संख्या निम्मी व्हायला साधारण तीन तास लागतात. दुप्पट रक्तबदलाने संख्या सुमारे साडेसात पटीने घटते. तेवढीच घट या औषधाने साधारण नऊ तासांत होते. सुरुवातीचे काही तास औषधाचा आलेख सपाट असतो, ते धरूनही फरक अर्ध्या दिवसाच्या आसपासच राहतो. पूर्ण ४८ तासांच्या चक्रात आर्टेमिसिनिन गटातली औषधं परजीवींची संख्या सुमारे दहा हजार पटीने खाली आणतात. सत्तर किलोच्या माणसात दुप्पट बदल म्हणजे जवळजवळ दहा लिटर रक्त. कॅथेटर टाकणं, रक्त जुळवणं, पिशव्या गोळा करणं यात मोठ्या रुग्णालयातही सहज पाच-सहा तास जातात. ज्या वेळेची बचत करायची, ती तयारीतच खर्च होते.

आर्टेसुनेटआधीच्या, क्विनीन या जुन्या औषधाच्या काळात हे गणित वेगळं होतं. क्विनीन मुख्यतः मोठ्या झालेल्या परजीवींवर चालतं. तरुण अंगठ्या त्याला फारशी दाद देत नाहीत, त्या पुढे वाढतात आणि जाऊन चिकटतात. तेव्हा फिरत्या अंगठ्या हातानं काढून टाकण्यात काहीतरी अर्थ होता. आर्टेसुनेट नेमकं अंगठीच्या अवस्थेतच परजीवीला गाठतं आणि प्लीहा त्या मेलेल्या अंगठ्या पेशीतून उपटून काढून पेशी पुन्हा रक्तात सोडून देते. म्हणजे रक्तबदलाचं काम शरीर स्वतःच करतं, तेही पेशी न गमावता.

या औषधाची ताकद दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवली. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या १४६१ रुग्णांवरच्या २००५ च्या चाचणीत क्विनीन गटात २२ टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेट गटात १५ टक्के. आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांवरच्या २०१० च्या चाचणीत हेच आकडे १०.९ आणि ८.५ होते. रक्तबदलाच्या पदरात असं काहीच नाही. २००२ मध्ये आठ अभ्यास आणि २७९ रुग्ण एकत्र तपासले गेले, तेव्हा रक्तबदल केलेले आणि न केलेले यांच्या जगण्यात फरक सापडला नाही. बदल केलेले रुग्ण मुळात जास्त आजारी होते, हे त्याच विश्लेषणात नमूद आहे आणि बाजू घेणारे त्यावरच बोट ठेवतात. मुद्दा रास्त होता. मग अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण संस्थेने) १९८५ ते २०१० च्या नोंदींतून बदल केलेले १०१ रुग्ण घेतले आणि त्यांची सांगड तशाच प्रकारच्या, पण बदल न केलेल्या ३१४ रुग्णांशी घातली. तरी फायदा दिसला नाही. तोवर इंडेक्स १० टक्क्यांवर गेला की रक्तबदलाचा विचार करा, अशी सीडीसीची शिफारस होती. २०१३ मध्ये ती मागे घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटना रक्तबदलाची शिफारस करत नाही: कुणाला करावा, किती करावा, फायदा किती आणि धोका किती, यावर एकमत नाही, असं तिचं म्हणणं. अफेरेसिसच्या (मशीनने रक्ताचे घटक वेगळे करण्याच्या) अमेरिकन संघटनेच्या २०१९ च्या वर्गवारीत तीव्र मलेरियासाठीचा रेड सेल एक्स्चेंज (फक्त तांबड्या पेशींचा बदल) तिसऱ्या गटात आहे, म्हणजे 'भूमिका निश्चित नाही, रुग्णागणिक ठरवा'.

मोठी यादृच्छिक चाचणी करून एकदाचा निकाल का लावत नाहीत? मृत्यूचं प्रमाण १५ वरून १० टक्क्यांवर आलं हे सिद्ध करायलाही दोन्ही गट मिळून साधारण १४०० रुग्ण लागतील. रक्तबदलाची सोय आहे तिथे एवढे रुग्ण नाहीत, आणि रुग्ण आहेत तिथे एवढं रक्त नाही.

करायचंच ठरलं तर

पहिली अट: आर्टेसुनेटचा पहिला डोस आधी गेलाच पाहिजे. वजन २० किलो किंवा जास्त असेल तर २.४ मिलिग्रॅम प्रति किलो, त्याहून कमी असेल तर ३ मिलिग्रॅम प्रति किलो. ० तास, १२ तास, २४ तास आणि नंतर रोज एकदा, किमान पहिले २४ तास शिरेतून किंवा स्नायूतून. मग तोंडाने घेता आलं की आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधाचा पूर्ण तीन दिवसांचा कोर्स. ६० मिलिग्रॅमची कुपी सोबतच्या १ मिली सोडियम बायकार्बोनेटमध्ये द्रव पूर्ण स्वच्छ होईपर्यंत हलवायची, मग शिरेसाठी ५ मिली सलाइन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज घालायचं. १ मिलीत १० मिलिग्रॅम होतं. तयार केलेलं तासाभरात वापरायचं, उरलं ते फेकायचं. रक्तपेढीत पिशव्या जुळेपर्यंत औषध थांबवून ठेवणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत महागडा उशीर.

आर्टेसुनेटचं शरीरात लगेच डायहायड्रोआर्टेमिसिनिन होतं आणि त्याचंही अर्धायुष्य जेमतेम तासाभराचं. म्हणून डोसनंतर दोनेक तासांनी बदल सुरू केला, तर औषध आपलं काम बरंचसं उरकून बसलेलं असतं. पुढचा १२ तासांचा डोस मध्येच आला तरी तो चुकवायचा नाही, आणि 'रक्ताबरोबर औषध निघून गेलं असेल' म्हणून जास्तीचा डोसही द्यायचा नाही.

दुसरी अट रक्ताच्या नमुन्यांची. रुग्णाचं स्वतःचं रक्त तपासायची ही शेवटची संधी असते. रक्तगट, अँटिबॉडी स्क्रीन, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, सिकलची चाचणी आणि विशेषतः जी६पीडी (हे एन्झाइम कमी असलेल्या तांबड्या पेशी प्रायमाक्वीनसारख्या औषधाने फुटतात). बदल झाल्यावर जी६पीडीचा अहवाल दात्यांच्या पेशींचा येतो. मिश्र संसर्गात व्हायवॅक्स (मलेरियाचा दुसरा परजीवी) निघाला आणि १४ दिवसांचं प्रायमाक्वीन द्यायची वेळ आली, की त्या खोट्या 'नॉर्मल' अहवालावर विसंबून रुग्णाच्या उरलेल्या पेशी फोडायची पाळी येते. एक ईडीटीए नळी आधी भरून ठेवायला मिनिट लागतं. हे हमखास विसरलं जातं.

मग रक्ताचं प्रमाण. मोठ्या माणसात ७० मिली प्रति किलो, लहान मुलात ८०, नवजातात ८५ च्या आसपास. साठ किलोचा माणूस घ्या: एकूण रक्त ४२०० मिली, दीडपट बदल म्हणजे ६३०० मिली. पॅक्ड सेलच्या (बराचसा प्लाझ्मा काढलेल्या तांबड्या पेशींच्या) पिशवीचा हिमॅटोक्रिट, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशींचा टक्का, साधारण ६० असतो. आपल्याला ३० च्या जवळ राहायचंय, म्हणून निम्मे पॅक्ड सेल, निम्मा प्लाझ्मा. ३१५० मिली पॅक्ड सेल म्हणजे सुमारे ११ पिशव्या, आणि २०० मिलीच्या हिशेबाने प्लाझ्माच्या १६. एका रुग्णासाठी पंचवीसहून जास्त दात्यांचा माल. संसर्ग आणि प्रतिक्रियांचा धोका याच आकड्याने गुणायचा. प्लाझ्माच्या जागी काही भाग अल्ब्युमिन किंवा सलाइन वापरला तर दाते कमी होतात, पण गोठण्याचे घटक पातळ होतात, आणि मलेरियात प्लेटलेट मुळातच घसरलेल्या असतात.

पिशव्या शक्यतो सात दिवसांच्या आतल्या मागाव्यात. जुन्या पिशवीत पेशींबाहेर पोटॅशियम साचतं, आणि मूत्रपिंड बंद पडलेल्या, आम्लता चढलेल्या रुग्णाला नेमकं तेच नको असतं. जुन्या पेशी ऑक्सिजन सोडायलाही कचरतात. सिकल ट्रेटचं रक्त टाळावं. प्लाझ्मा वितळायला अर्धा तास धरावा आणि एका दमात सगळा वितळवू नये. रुग्ण मध्येच बिघडून काम थांबलं तर तो वाया जातो.

हाताने बदल करताना दोन वेगळ्या वाटा लागतात: धमनीतली लाइन किंवा मोठं मध्यवर्ती कॅथेटर काढायला, हातातली जाड शीर घालायला. एकाच वाटेने ओढणं-ढकलणं नवजातात नाभीच्या शिरेतून चालतं. मोठ्यांत त्यामुळे नुकतंच घातलेलं रक्तच पुन्हा बाहेर येतं. मोठ्या माणसात एका फेरीला २०० ते २५० मिली, मुलांत ५ मिली प्रति किलोच्या वर नको. दहा मिनिटांची एक फेरी धरली तर वरच्या उदाहरणात २८ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. रक्त वॉर्मरमधूनच जायला हवं. पाच तास थंड रक्त घातलं की तापलेला मलेरियाचा रुग्णसुद्धा गार पडतो, रक्त गोठेनासं होतं आणि हृदयाची लय बिघडते.

एका माणसाने फक्त हिशेब ठेवायचा. फेरीचा क्रमांक, वेळ, बाहेर किती, आत किती, आतापर्यंतची शिल्लक. बाहेर काढलेल्या पिशवीवरच्या रेघांवर विश्वास ठेवू नका. वजन करा आणि १ मिलीला १.०५ ग्रॅम धरा. प्रत्येक फेरीत २० मिली जास्त गेलं तरी २८ फेऱ्यांत अर्धा लिटरहून जास्त जादा होतं, आणि तीव्र मलेरियातली फुप्फुसं एवढं सहन करत नाहीत. कोरड्या दिसणाऱ्या रुग्णातही त्यांत पाणी भरतं.

मशीन असेल तर काम सुटसुटीत. रेड सेल एक्स्चेंजमध्ये मशीन सेंट्रिफ्यूजने तांबड्या पेशी वेगळ्या करून टाकतं, रुग्णाचा प्लाझ्मा आणि प्लेटलेट परत करतं आणि दात्याच्या पेशी घालतं. दीड-दोन तासांत आटपतं, शिल्लक बरोबर राहते. त्याच साठ किलोच्या, २७ हिमॅटोक्रिटच्या रुग्णात तांबड्या पेशींचं आकारमान ११३० मिलीच्या आसपास. एकपट बदलाला सहा-सात पिशव्या, दीडपटीला नऊ-दहा. प्लाझ्मा लागत नाही, हा मोठा फायदा. उलट बाजू अशी की प्लाझ्मातले विषारी घटक धुऊन काढण्याचा जो दावा आहे, तो इथे आपोआप गळतो. लहान मुलात नळ्यांत अडकणारं रक्त त्याच्या एकूण रक्ताच्या मानाने फार ठरतं, म्हणून सर्किट आधी दात्याच्या पेशींनी भरून घ्यावं लागतं; न भरता सुरू केलं तर पहिल्या काही मिनिटांतच रक्तदाब कोसळतो. आणि रक्त परत देण्याची स्वयंचलित पायरी शेवटी बंद ठेवायची, नाहीतर सर्किटमधलं सगळं मुलाच्या अंगात जातं.

कॅथेटर उजव्या मानेच्या किंवा मांडीच्या शिरेत, सोनोग्राफी लावून. गळपट्टीच्या हाडाखालची शीर नको. प्लेटलेट २० हजार असताना तिथे रक्तस्राव झाला तर दाबून धरायला जागाच नाही.

कुठे बिनसतं

सायट्रेट. पिशव्यांतलं आणि मशीनमधलं हे रसायन रुग्णाचं कॅल्शियम बांधून ठेवतं. एरवी यकृत ते पचवतं, पण काविळीने आणि शॉकने थकलेलं यकृत मागे पडतं. शुद्धीवरचा रुग्ण ओठांना मुंग्या आल्याचं सांगतो. बेशुद्ध रुग्ण काहीच सांगत नाही, आणि तीव्र मलेरियात बेशुद्ध रुग्णच जास्त. म्हणून अर्ध्या तासाला आयनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम आणि मॉनिटरवर क्यूटी (ईसीजीवरचं अंतर; ते लांबलं की हृदयाची लय बिघडू शकते). आयनाइज्ड कॅल्शियम १ मिलिमोल प्रति लिटरखाली गेलं तर मोठ्यांत १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, दहा मिनिटांत, मुलांत ०.५ मिली प्रति किलो. रक्ताच्या लाइनमधून हरगिज नाही, आतच गुठळ्या होतात. रुग्ण क्विनीनवर असेल तर दुहेरी सावध राहा. क्विनीनही क्यूटी लांबवतं.

साखर. पिशवीतल्या द्रवात डेक्स्ट्रोज असतं. बदल चालू असताना साखर चढलेली दिसते, इन्शुलिन वाढतं, आणि काम संपल्यावर तासा-दोन तासांत ती धाडकन उतरते. मलेरियात ग्लुकोज आधीच काठावर असतं, क्विनीन त्यात भर घालतं. रुग्ण शुद्धीवर येत नाही म्हणून सीटी स्कॅनला पाठवण्याआधी बोटाला सुई टोचून साखर बघा. बदलानंतर चार तास दर तासाला तपासणी ठेवली की हा सापळा टळतो.

बाकी धोके कुठल्याही मोठ्या ट्रान्सफ्यूजनचेच: ॲलर्जी, फुप्फुसांना इजा, कॅथेटरचा जंतुसंसर्ग. त्यातला फुप्फुसांचा प्रकार इथे ओळखायला विशेष अवघड, कारण मलेरियाची स्वतःची एआरडीएस (फुप्फुसांत पाणी भरून ती निकामी होणं) एक्स-रेवर हुबेहूब तशीच दिसते.

स्मिअर वाचताना होणारा घोटाळा

रक्तबदलाचा निर्णय बहुतेक वेळा एका आकड्यावर होतो, आणि तो आकडाच अनेकदा कच्चा असतो. टक्केवारी पातळ स्मिअरवर काढायची, किमान हजार तांबड्या पेशी मोजून, आणि एका पेशीत तीन अंगठ्या असल्या तरी ती पेशी एकच धरायची. सगळे परजीवी मोजले की २२ टक्क्यांचे ३० होतात. टक्के आणि प्रति मायक्रोलिटर आकडाही परस्पर बदलू नये. तांबड्या पेशी ५० लाख असतील तर १० टक्के म्हणजे ५ लाख परजीवी. रुग्णाला पंडुरोग असून पेशी २५ लाखच असतील तर तेच १० टक्के म्हणजे अडीच लाख.

किती यापेक्षा कुठल्या अवस्थेतले, हे जास्त बोलकं. वीस टक्क्यांहून अधिक परजीवींत रंगद्रव्य (ते मोठ्या झालेल्या परजीवीत दिसतं) दिसत असेल, किंवा पाच टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिलमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) ते सापडलं, तर इंडेक्स ४ टक्के असला तरी रुग्ण गंभीर. केशवाहिन्यांत मोठा साठा बसला आहे, असा त्याचा अर्थ. उलट १५ टक्के, पण सगळ्या बारीक तरुण अंगठ्या आणि रुग्ण बोलतोय, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) बरं आहे, तर आर्टेसुनेट देऊन सहा-सहा तासांनी स्मिअर बघत बसण्यात धोका कमी.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या बारा तासांत आकडा वाढूही शकतो. चिकटलेल्या पेशी फुटतात आणि नव्या अंगठ्या रक्तात येतात. याला औषध निकामी झालं समजून रात्री दोनला रक्तपेढी उठवली जाते. प्लीहा काढून टाकलेल्या रुग्णात तर मेलेले परजीवी उपटायला कुणी नसतं, त्यामुळे ते कितीतरी दिवस काचेवर दिसत राहतात; तिथे आकड्यापेक्षा त्यांचा आकार, रंग आणि रुग्णाची तब्येत बघायची. आणि रक्तबदल संपल्यावर लगेच काढलेल्या स्मिअरने खूश होऊ नये. तो फक्त किती पातळ केलं ते सांगतो. चार-सहा तासांनी पुन्हा काढलेला स्मिअर खरा. एचआरपी२ (परजीवीचं एक प्रथिन) शोधणारी रॅपिड टेस्ट या कामी निरुपयोगी, ती आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह राहते.

मग घ्यावा कुणी?

शिरेतलं आर्टेसुनेट मिळत नाही आणि क्विनीनवर भागवावं लागतंय, इंडेक्स फारच चढलेला आहे आणि रुग्ण ढासळतोय: इथे मशीन आणि अनुभवी हात जवळ असतील तर विचार करण्यासारखा. मलेरिया क्वचित दिसणाऱ्या श्रीमंत देशांत हा उपचार इतका काळ का टिकला, याचं एक कारण इथेच आहे. अमेरिकेत शिरेतल्या आर्टेसुनेटला औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली ती मे २०२० मध्ये. आर्टेसुनेटला मंद दाद देणाऱ्या, म्हणजे संख्या निम्मी व्हायला पाच तासांहून जास्त लागणाऱ्या, परजीवींच्या बाबतीतही तर्क लागू होतो, पण तो तर्कच आहे. नवजात बाळाला जन्मजात मलेरिया आणि सोबत बिलिरुबिन चढलेलं असेल तर बदल काविळीच्या निकषांवर होतो. मलेरियाला त्याचा जाता-जाता फायदा.

नको कुणाला, हे जास्त ठामपणे सांगता येतं. फक्त इंडेक्स १० च्या वर आहे म्हणून नको. फुप्फुसांत पाणी आहे तर नको. हिमोग्लोबिन ४ आहे तर आधी साधं रक्त चढवा. त्याला रक्तबदल म्हणत नाहीत आणि त्याचा फायदा निर्विवाद आहे. मूत्रपिंडं बंद पडली असतील आणि कॅथेटर टाकायला एकच जागा असेल, तर ती डायलिसिसला द्या. व्हिएतनाममधल्या २००२ च्या चाचणीत, ज्यात बहुतेक रुग्ण फॅल्सिपेरमचे होते, हिमोफिल्ट्रेशनच्या (मशीनने रक्त गाळण्याच्या) गटात १५ टक्के दगावले आणि पोटाच्या डायलिसिसच्या गटात ४७ टक्के. मूत्रपिंडाच्या यंत्राने मलेरियात एवढा फरक पडतो. रक्तबदलाला असा आकडा कधी दाखवता आलेला नाही. पूरक उपचारांचं मलेरियातलं एकूण रेकॉर्डच वाईट आहे. मेंदूच्या मलेरियात डेक्सामेथासोन दिल्याने बेशुद्धी उलट लांबली, झटके टाळायला मुलांना दिलेल्या फिनोबार्बिटोनच्या मोठ्या डोसने मृत्यू वाढले. त्यामुळे 'करून तर बघू, तोटा काय' हे वाक्य इथे चालत नाही.

घरी सोडताना कागदावर एक गोष्ट ठळक लिहून द्यावी. आर्टेसुनेट घेतलेल्या रुग्णांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तांबड्या पेशी उशिरा फुटतात, कारण परजीवी उपटून परत सोडलेल्या पेशी अल्पायुषी असतात. म्हणून ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी हिमोग्लोबिन आणि एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम). रक्तबदल झालेल्या रुग्णात गुंता वाढतो: इतक्या दात्यांच्या पेशी अंगात असताना पहिल्या दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन घसरलं, तर ती दात्याच्या पेशींविरुद्धची उशिराची प्रतिक्रियाही असू शकते. डायरेक्ट कूम्ब्स (तांबड्या पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) आणि अँटिबॉडी स्क्रीन पुन्हा करायचं, बदलाआधीच्या नमुन्याशी ताडून बघायचं, आणि तोवर नवी पिशवी लावण्याची घाई करायची नाही. हिमोग्लोबिन घसरून दम लागत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रक्तपेढीला कारण सांगून, नीट जुळवलेलं रक्त मागवायचं.